भास थांबले, तरी कामं का अडतात? स्किझोफ्रेनिया आणि कॉग्निटिव्ह रेमेडिएशन

ओंजळ

औषधं लागू पडली. आवाज थांबले, संशय ओसरला, झोप सुरळीत झाली. तरीही साधा फॉर्म भरताना शुभार्थी, म्हणजे आजार असलेला माणूस, दुसऱ्या ओळीवर अडतो, तीन कामं सांगितली तर एकच करून येतो, गप्पांचा विषय बदलला की मागे पडतो. घरच्यांना वाटतं, आजार तर आटोक्यात आलाय, मग आता उरला तो आळसच. हा समज शुभार्थीवर फार मोठा अन्याय करतो, म्हणून हा चर्चेचा धागा.

ह्या आजारात लक्ष, स्मरण, विचारांचा वेग आणि नियोजन ह्यांना जी झळ बसते, ती भासांमुळे बसत नाही. तो आजाराचाच वेगळा भाग आहे. बहुतेकांमध्ये पहिला झटका येण्याआधीपासूनच त्याच्या खुणा असतात, आणि भास पूर्ण थांबले तरी तो मागे उरतो. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या आजाराला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' (अकाली येणारा बुद्धिभ्रंश) म्हटलं ते हेच पाहून. प्रत्येकाची बुद्धी उतरतच जाते हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, पण निरीक्षण खरं होतं. चाचण्यांमध्ये हा फरक निरोगी समवयस्कांच्या सरासरीपेक्षा साधारण १ ते २ प्रमाण विचलनांइतका (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर मोजायचं एकक) खाली दिसतो. मायकेल ग्रीन यांनी १९९६ साली तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली: माणूस नवं कौशल्य शिकेल का, चारचौघांत वावरेल का, ह्याचा संबंध भासांपेक्षा स्मरण आणि लक्षाशी जास्त आहे.

सायकोसिसवरची (भास आणि भ्रम आटोक्यात आणणारी) औषधं ह्या बाबतीत फारशी मदत करत नाहीत. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधाकडून आशा होती. त्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या अपयशी ठरल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. त्यामुळे सध्या भर प्रशिक्षणावरच आहे, आणि त्या प्रशिक्षणाला कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणतात. पुढे नुसतं सीआर लिहिते.

२०१० साली फ्लॉरेन्समध्ये ह्या विषयातले तज्ज्ञ जमले आणि त्यांनी व्याख्या ठरवली. तिचा गाभा असा: लक्ष, स्मरण, नियोजन, सामाजिक आकलन किंवा स्वतःच्या विचारांचं भान सुधारण्यासाठी दिलेलं प्रशिक्षण, आणि ती सुधारणा टिकली पाहिजे व रोजच्या जगण्यात उतरली पाहिजे. शेवटचा भाग विसरला की सगळं मुसळ केरात. सीआर म्हणायला चार गोष्टी लागतात: प्रशिक्षित थेरपिस्ट, सरावाचे पुन्हापुन्हा केलेले व्यायाम, डोकं लढवायच्या युक्त्या रीतसर शिकवणं, आणि त्या युक्त्या घरी-बाहेर वापरता याव्यात म्हणून केलेली वेगळी मेहनत. चारांतली पहिली आणि शेवटची सर्वात जास्त वगळली जाते.

चौकट

चांगला धागा. थेट मुद्द्यावर येतो. मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाची ढीगभर ॲप्स आहेत. अनेक शुभंकर (शुभार्थीची काळजी घेणारे घरचे) तेच सुरू करून देतात आणि महिन्याभरात म्हणतात, स्कोअर वाढला पण बाकी जैसे थे. स्कोअर वाढतो म्हणजे मेंदूत काहीतरी घडतंच आहे ना? मग ते बाहेर का दिसत नाही?

ओंजळ

चौकट, स्कोअर वाढतो कारण माणूस *त्या खेळात* तरबेज होतो. कुठला रंग कधी येतो, बोट कुठे ठेवायचं, हे अंगवळणी पडतं. ते दुसऱ्या कामाला उपयोगी पडायचं तर मधे एक पूल लागतो, आणि तो ॲप बांधत नाही.

एक व्यायाम जवळून पाहू, म्हणजे फरक कळेल. थेरपिस्ट बारा शब्द सावकाश वाचते: साबण, हातोडा, पेन, टॉवेल, खिळे, वही, कंगवा, करवत, पट्टी, बादली, पक्कड, खोडरबर. शुभार्थीला समजा चार आठवले, तेही शेवटचे. ॲप इथे लाल फुली दाखवून पुढचा डाव लावेल. थेरपिस्ट विचारते, "हे चार कसे लक्षात राहिले?" उत्तर येतं, "नुसतेच राहिले." हे उत्तर महत्त्वाचं आहे: माणसाने काहीच युक्ती वापरलेली नाही. स्किझोफ्रेनियात अनेकदा साठवायची जागा शिल्लक असते, पण आलेल्या माहितीची आपणहून मांडणी होत नाही.

मग यादी कागदावर समोर ठेवून ती विचारते, "ह्यातलं काय काय एके ठिकाणी सापडेल?" साबण, टॉवेल, कंगवा, बादली न्हाणीघरात. पेन, वही, पट्टी, खोडरबर दप्तरात. उरलेलं सुताराच्या पेटीत. गट त्यानेच पाडायचे. थेरपिस्टने पाडून दिले तर व्यायाम तिचा झाला. पुन्हा आठवायला सांगण्याआधी ती अंदाज विचारते: "आता किती येतील?" तो म्हणतो सहा, येतात नऊ. अंदाज आणि प्रत्यक्ष ह्यांची तुलना दोघं मिळून करतात, कारण स्वतःच्या डोक्याचा अंदाज घेणं हाही शिकायचाच भाग आहे.

आणि आता पूल. "हीच गटांची युक्ती ह्या आठवड्यात घरी कुठे लागेल?" तो म्हणतो, बाहेर पाठवतात तेव्हा अर्धं विसरतो. मग होमवर्क ठरतं: गुरुवारी पाच-सहा वस्तूंची यादी ऐकायची, निघण्याआधी मनात दोन गट पाडायचे, परत आल्यावर काय राहिलं ते वहीत लिहायचं. पुढच्या सेशनची सुरुवात त्याच वहीने. पुढच्या यादीतले बारा शब्द वेगळे असतील. युक्ती तीच राहील. ॲपमध्ये नेमकं उलटं होतं.

सहाण

ओंजळ, वरचं सगळं मान्य. पण व्यायामाला हात घालण्याआधी काही गोष्टी तपासल्या नाहीत तर महिने वाया जातात, म्हणून त्या सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी औषधांचा कागद. सायकोसिसवरच्या औषधांमुळे होणारा कंप आणि अंग ताठ होणं कमी व्हावं म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्या ॲसिटिलकोलीन ह्या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, आणि स्मरणाला तेच ॲसिटिलकोलीन लागतं. सोफिया विनोग्राडोव्ह यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की अशा औषधांचा भार ज्यांच्या अंगात जास्त, त्यांना प्रशिक्षणाचा फायदा कमी मिळतो. ही गोळी बऱ्याचदा सुरुवातीच्या दिवसांत लिहिली जाते आणि मूळ औषधाचा डोस कमी झाला, औषध बदललं, तरी तशीच चालू राहते. स्वतःहून बंद करू नका. एकदम तोडली तर ताठरपणा उसळून येतो, मळमळ, अस्वस्थता होते. डॉक्टरांना एवढंच विचारा: "ही गोळी अजून लागते का, आणि लागत नसेल तर हळूहळू कशी उतरवायची?" झोपेच्या आणि चिंतेवरच्या बेन्झोडायझेपीन गोळ्यांनीही लक्ष आणि नवीन शिकणं मंदावतं, त्यांच्याबद्दलही हाच प्रश्न.

मग डोळे आणि कान. चष्म्याचा नंबर बदललेला असेल तर माणूस स्क्रीनवरचं अक्षर चुकतो आणि आपण लक्षाचा दोष मांडून बसतो. झोपेचं तर बोलायलाच नको: वजन वाढलंय, घोरणं मोठं आहे, दिवसा पेंग येते, असं तिन्ही असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास मधेमधे थांबण्याची) तपासणी करून घ्या. तो असताना कुठलाही मेंदूचा व्यायाम म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. थायरॉइड आणि बी-१२ ह्यांच्या तपासण्याही एकदा झालेल्या बऱ्या.

सेशनची वेळ औषधाच्या वेळेशी जुळवा. रात्रीच्या डोसाची गुंगी सकाळी दहापर्यंत असेल तर नऊचं सेशन ठेवण्यात काय अर्थ?

भास पूर्ण थांबेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. माणूस अर्धा तास बसू शकतो, बोलणं कळतंय, फार अस्वस्थ नाही, औषधात नुकताच मोठा बदल झालेला नाही, एवढं पुरे.

पारंबी

सेशन कसं चालतं ते कुणीतरी लिहायला हवं होतं. लिहितो.

आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी ४५ ते ६० मिनिटं, साधारण तीन ते सहा महिने. एकूण तीस-चाळीस सेशन्स धरून चाला. आठवड्यातून एकदाच केलं तर मागची युक्ती पुसली जाते आणि दर वेळी शून्यापासून सुरुवात होते. पहिली पाच मिनिटं होमवर्कची वही, मग अर्धा तास तीन-चार व्यायाम, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं फक्त "हे घरी कुठे?" ह्यावर, आणि शेवटी पुढचं होमवर्क शुभार्थीने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. वेळ कमी पडला की थेरपिस्ट तिसरा भाग कापतात. कापायचाच असेल तर एखादा व्यायाम कापा.

काठिण्य हा सगळ्यात नाजूक भाग. दहातली आठ उत्तरं बरोबर यावीत इतपत ठेवायचं. सगळीच बरोबर येत असतील तर माणूस युक्ती न वापरता हातानेच उरकतो. निम्मी चुकत असतील तर अंदाजपंचे ठोकू लागतो, आणि शाळेपासूनचं "मला जमत नाही" वर येतं. सलग तीन चुका झाल्या की एक पायरी खाली या, त्याबद्दल काही बोलूही नका. वर चढवताना एका वेळी एकच गोष्ट बदला: शब्द वाढवले तर वेग तोच ठेवा, वेग वाढवला तर शब्द तेवढेच ठेवा. दोन्ही एकदम बदलले आणि गाडी अडली, तर कशामुळे अडली ते कळत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. ज्याचं लक्ष दोन मिनिटं टिकत नाही त्याला नियोजनाचे व्यायाम देणं म्हणजे पायाआधी कळस. पण इथे मतभेद आहेत हे सांगायला हवं. विनोग्राडोव्ह आणि फिशर यांच्या पद्धतीत अगदी तळापासून, म्हणजे आवाजातले बारीक फरक ओळखण्यापासून, सुरुवात करून सुमारे ५० तास संगणकावर सराव होतो. टिल वाइक्स आणि क्लेअर रीडर यांच्या लंडनच्या पद्धतीत भर युक्त्यांवर आणि स्वतःच्या विचारांवर नजर ठेवण्यावर. ॲलिस मेडालिया यांच्या 'निअर' पद्धतीत शुभार्थीच्या आवडीला आणि निवडीला मान असतो: शिकण्याची ओढ आतून आली पाहिजे, म्हणून व्यायाम तोच निवडतो आणि आठवड्याला एक गटचर्चा होते. माझा कल युक्त्यांच्या बाजूने आहे. तळापासूनचा सराव कान तयार करत असेलही, पण फॉर्मच्या दुसऱ्या ओळीवर अडलेल्या माणसाला आज वापरता येईल अशी काहीतरी वस्तू हातात मिळाली पाहिजे.

संगणक नसला तर अडत नाही. एलिझाबेथ ट्वॅमली यांचं कॉम्पेन्सेटरी कॉग्निटिव्ह ट्रेनिंग संगणकाशिवायच चालतं: कॅलेंडर, याद्या, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, अडचण सोडवायच्या ठरावीक पायऱ्या. कॅलेंडर तर पहिल्याच आठवड्यापासून.

आकडेमोड

आशा किती ठेवायची ह्यावर कुणी बोललेलं नाही, म्हणून आकडे देतो. इफेक्ट साइझ म्हणजे परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा. तो वाचताना ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा असं ढोबळ माप धरा.

मॅकगर्क आणि सहकारी, २००७: २६ अभ्यास, बोधनक्षमतेवर (लक्ष, स्मरण, विचार ह्यांवर) ०.४१, दैनंदिन कामकाजावर ०.३६. वाइक्स आणि सहकारी, २०११: ४० अभ्यास, २,१०४ सहभागी, बोधनक्षमतेवर ०.४५, कामकाजावर ०.४२. विता आणि सहकारी, २०२१: १३० अभ्यास, ८,८५१ सहभागी, बोधनक्षमतेवर ०.२९, कामकाजावर ०.२२. म्हणजे फायदा खरा आहे, लहान ते मध्यम आहे, आणि अभ्यास वाढले तसा आकडा थोडा खाली आलाय.

ह्या धाग्यासाठी सर्वात मोलाचा आकडा २००७ च्याच विश्लेषणात आहे. सीआर नुसतं दिलं तेव्हा कामकाजावरचा परिणाम ०.०५, जवळपास काहीच नाही. पुनर्वसनाच्या दुसऱ्या कार्यक्रमासोबत दिलं तेव्हा ०.४७. चौकट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे.

२०२१ च्या विश्लेषणातली आणखी एक गोष्ट. शिक्षण कमी, आजारापूर्वीचा बुद्ध्यंक कमी, सुरुवातीची लक्षणं जास्त, अशा लोकांना फायदा जास्त दिसला. "ह्याचं शिक्षण झालं नाही, ह्याला काय उपयोग" असं म्हणून ज्यांना बाजूला काढलं जातं, नेमकी तीच माणसं ह्यात बसतात. हे प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

मोजणीबद्दल थोडं. स्किझोफ्रेनियातली बोधनक्षमता मोजायच्या 'मॅट्रिक्स' संचात दहा चाचण्या आहेत आणि त्या सात क्षेत्रं मोजतात: विचारांचा वेग, लक्ष, कार्यस्मृती (माहिती क्षणभर डोक्यात धरून वापरणं), शब्दांतून शिकणं, दृश्यांतून शिकणं, तर्क आणि अडचण सोडवणं, सामाजिक आकलन. वेळ तास ते दीड तास. 'बॅक्स' हा लहान संच अर्ध्या तासात उरकतो. सुरुवातीला एकदा आणि संपल्यावर एकदा मोजा, दर महिन्याला नको. चाचणीच पाठ होते. शब्दांच्या चाचण्यांचे पर्यायी संच असतात, दुसऱ्या वेळी दुसरा संच वापरा. आणि ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेतली, त्याच्या शिक्षणाला साजेशी मानकं (तुलनेसाठीचे सर्वसाधारण गुण) नसतील, तर त्या आकड्यावरून "इतका मागे आहे" असं म्हणू नका. त्याची तुलना त्याच्याशीच करा.

शिंपले

आकडेमोड, ०.०५ आणि ०.४७ हे वेगळं काढून दाखवलंत त्याबद्दल धन्यवाद. शुभंकरांच्या सभांमध्ये हेच सांगून घसा सुकतो.

ज्यांना थेरपिस्ट मिळतच नाही त्यांच्यासाठी घराची बाजू लिहिते. डॉन वेलिगन यांची कॉग्निटिव्ह ॲडाप्टेशन ट्रेनिंग ही पद्धत डोक्याऐवजी घर बदलते. काटेकोरपणे पाहिलं तर हे सीआर नव्हे, सख्खं भावंड म्हणा. विस्मरण राहील असं गृहीत धरायचं आणि वस्तूंनीच आठवण करून द्यावी अशी मांडणी करायची.

आधी ओळखायचं की अडचण कुठल्या जातीची आहे. एक प्रकार *सुरुवातच न होण्याचा*. अंघोळीला जायचंय हे माहीत आहे, नकोही नाही, पण उठणं होत नाही, किंवा अर्ध्यात थांबतं. दुसरा प्रकार *भरकटण्याचा*. अंघोळीला निघतो, वाटेत टीव्ही दिसतो, तिथेच बसतो. कपाट उघडतो आणि हाताला येईल ते एकावर एक चढवतो. काहींत दोन्ही असतं.

सुरुवात न होणाऱ्याला हाक लागते. ठरल्या वेळी अलार्म, त्यातही रेकॉर्ड केलेला आवाज चांगला: "आठ वाजले, टॉवेल घे." न्हाणीघराच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला पायऱ्यांचा तक्ता, एका ओळीत एक क्रिया: दात, अंघोळ, केस, कपडे. झालेल्या ओळीवर खूण करायला पेन तिथेच दोरीने बांधलेलं. पेन शोधायला लागलं की तक्ता मेला.

भरकटणाऱ्याला हाका वाढवून उपयोग नाही, तिथे वाट मोकळी करावी लागते. कपाटात सात कप्पे किंवा सात पिशव्या, प्रत्येकीत एका दिवसाचा पूर्ण पोशाख, अंतर्वस्त्रांसकट. ऋतूबाहेरचे कपडे दुसरीकडे. न्हाणीघरात एकच साबण, एकच कंगवा. ह्याच माणसाला तक्ते, चिठ्ठ्या, रंगीत पट्ट्या लावत सुटलात तर भिंतच गोंगाट करायला लागते.

चुका कुठे होतात? एकाच दिवशी घरभर चिठ्ठ्या. आठवड्याला एकच बदल करा. चिठ्ठी एकाच जागी महिनोन्महिने राहिली की डोळ्यांना दिसेनाशी होते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रंग किंवा जागा बदला. शुभार्थीला न विचारता लावलेली चिठ्ठी म्हणजे सूचनाफलक; ती कुठे लावायची, काय लिहायचं, हे त्याने ठरवावं. आणि तोंडी टोचणी त्याच वेळी बंद व्हायला हवी. अलार्म वाजतोय आणि आईही ओरडतेय, असं झालं तर शुभार्थी आईची वाट बघायला शिकतो, अलार्मची नाही.

चौकट

उत्तम, शिंपले. एक उपप्रश्न. काही कामं युक्तीने नाही, हातानेच शिकायची असतात: वॉशिंग मशीन लावणं, फाइली क्रमाने लावणं. तिथे सराव-चूक-सराव हे चालतं का?

सहाण

नाही, आणि त्याला कारण आहे. चुकलो हे लक्षात ठेवून पुढच्या वेळी ते टाळणं, ह्यासाठी जी जाणीवपूर्वक स्मृती लागते तीच इथे कमजोर असते. सवयीने, नकळत शिकणारी स्मृती त्या मानाने शाबूत असते. तिला चूक-बरोबर कळत नाही. जे केलं ते ती साठवते. म्हणून चूकही पक्की होते. रॉबर्ट कर्न यांनी स्किझोफ्रेनियासाठी वापरलेली 'चूक होऊ न देता शिकणं' ही पद्धत ह्यावरच उभी आहे.

मशीनचंच घ्या. कामाचे अगदी लहान तुकडे करा: झाकण उघड, कपडे टाक, झाकण लाव, पावडर घाल, नळ सोड, हे बटण, ते बटण. पहिल्यांदा तुम्ही करता आणि मोठ्याने बोलता, तो बघतो. मग तो करतो आणि बोलता तुम्ही, प्रत्येक पायरी *होण्याआधी*. मग बोलणं कमी करत नुसतं बोट दाखवणं. मग बोटही नाही, फक्त बटणांवर चिकटवलेले १, २, ३. एक टप्पा सलग काही वेळा बिनचूक झाला की पुढचा. हात चुकीच्या बटणाकडे जाताना दिसला की तिथेच, हळू आवाजात थांबवा, दाबून झाल्यावर "अरे, नाही!" म्हणण्यात उशीर झालेला असतो. "आठवतंय का बघ" हे वाक्य ह्या पद्धतीत वर्ज्य. आठवत नसेल तर तो अंदाज करतो, आणि तो अंदाजच शिकला जातो.

मर्यादा अशी की मशीन बदललं की पुन्हा शिकवावं लागतं. त्यामुळे ठरावीक, न बदलणाऱ्या कामांसाठीच ही वापरा.

पारंबी

सामाजिक आकलनाचा भाग राहिला. समोरच्याचा चेहरा वाचणं, आडून बोललेलं ओळखणं, त्याच्या मनात काय असेल ह्याचा अंदाज घेणं, ह्यासाठी स्मरणाचे व्यायाम पुरत नाहीत, वेगळं शिकवावं लागतं. 'एससीआयटी' हा गटात चालणारा कार्यक्रम त्यासाठी आहे, आठवड्याला एक असं साधारण वीस ते चोवीस सेशन्स. जेरार्ड होगार्टी यांनी पिट्सबर्गमध्ये बसवलेल्या कॉग्निटिव्ह एन्हान्समेंट थेरपीत दोन्ही एकत्र येतं: जोडीदारासोबत संगणकावर सुमारे ६० तास आणि शिवाय दीड-दीड तासाच्या ४५ गटसभा. मोठं काम आहे, पण दोघांनी एका स्क्रीनसमोर बसून एकमेकांना धीर देणं हेही त्यातलं सामाजिक प्रशिक्षणच.

मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंगला लोक सीआर समजतात. श्टेफेन मोरित्स आणि टॉड वुडवर्ड यांच्या त्या कार्यक्रमाचा रोख विचारांच्या सवयींवर आहे, विशेषतः घाईने निष्कर्ष काढण्यावर. मण्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: एका बरणीत ८५ मणी एका रंगाचे आणि १५ दुसऱ्या, दुसऱ्या बरणीत उलट. एकेक मणी दाखवायचा आणि बरणी कुठली ते विचारायचं. भ्रम (खोट्या पण ठाम समजुती) असलेले अनेक जण एक-दोन मण्यांतच ठाम होतात. त्या कार्यक्रमाचं साहित्य अनेक भाषांत मोफत उपलब्ध आहे, गटात वापरायला सोपं आहे, जरूर वापरा. स्मरणाचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नका.

शिंपले

नोकरीचा विचार असलेल्यांसाठी: सुझन मॅकगर्क यांच्या 'थिंकिंग स्किल्स फॉर वर्क'मध्ये साधारण बारा आठवड्यांत २४ तासांचा संगणकावरचा सराव आणि नोकरीत सोबत करणारा मार्गदर्शक एकाच टीममध्ये असतात. नोकरीत अडलं की तो अनुभव थेट पुढच्या व्यायामात येतो. आधी सहा महिने डोकं तयार करू, मग काम बघू, असं करू नका. काम चालू असतानाचं सीआरच लागू पडतं.

आणि चालणं-धावणं. जोसेफ फर्थ यांच्या २०१७ च्या विश्लेषणात दम लागणाऱ्या व्यायामाचा बोधनक्षमतेवरचा परिणाम ०.३३ निघाला, १० चाचण्या, ३८५ सहभागी. देखरेखीखाली केलेला व्यायाम जास्त उपयोगी. सीआरच्या जोडीला ह्याहून सोपं काही नाही.

चौकट

शेवटचा प्रश्न. सातव्या-आठव्या सेशनला गळती लागते. तेव्हा नेमकं काय करायचं? आणि उपयोग होत नाहीये हे कधी मान्य करायचं?

ओंजळ

गळतीची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा, म्हणून आधी कारण शोधा. विसरला असेल तर आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी फोन करा. विस्मरणावरच्या उपचाराला येणं आठवणीवर सोडणं बरोबर नाही. व्यायाम कठीण गेला म्हणून येत नसेल तर दोन पायऱ्या खाली या आणि पुढचं सेशन वीस मिनिटांचं ठेवा. पोरकट वाटत असेल तर व्यायाम बदला: चित्रांऐवजी वेळापत्रक, नकाशा, वीजबिल. "हे कशासाठी?" हे कळत नसेल तर चूक आपली आहे. ध्येय बहुतेक थेरपिस्टचं किंवा घरच्यांचं होतं, त्याचं नव्हतं.

ध्येय त्याच्या तोंडच्या शब्दांत आणि मोजता येईल असं लिहा. 'स्मरण सुधारणे' हे ध्येय नाही. 'बहिणीने फोनवर सांगितलेलं संध्याकाळी आईला सांगता येणं' हे आहे. त्याला पाच पायऱ्या द्या: उणे दोन म्हणजे आज जिथे आहे तिथे, शून्य म्हणजे अपेक्षा पूर्ण, अधिक दोन म्हणजे अपेक्षेपलीकडे. दर चार आठवड्यांनी त्याच्यासोबत बसून खूण करा. बारा आठवडे नियमित सेशन्स होऊनही खूण उणे दोनवरच असेल, तर आधी सहाण यांनी लिहिलेली यादी पुन्हा तपासा, विशेषतः गोळ्या आणि झोप. मग होमवर्कची वही उघडा. ती कोरी असेल तर उपचार अजून झालाच नाही असं समजा आणि होमवर्क सुरू करा. ती भरलेली असूनही काही हललं नसेल, तर व्यायाम थांबवून शिंपले यांच्या मार्गाने घराची मांडणी हाती घ्या, आणि शुभार्थीला स्पष्ट सांगा की पद्धत बदलतोय, कारण ती त्याला लागू पडली नाही. "तू प्रयत्न कमी केलेस" असा अर्थ त्याच्यापर्यंत पोचता कामा नये.